पांढऱ्या कागदातली शाल

प्रमोदिनीबाईंना आयुष्यात एकही गोष्ट गुपचूप करता आली नव्हती. रायपूरच्या तात्यापाऱ्यात त्यांच्या घरी कढी फुटली तरी ती बातमी चहाच्या वेळेपर्यंत सदर बाजारात पोचलेली असे, आणि पोचवणाऱ्या त्या स्वतःच असत. अशा बाईंनी त्या डिसेंबरात एक शाल कोणाच्या नकळत द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांचे यजमान नरहरराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता एवढंच म्हणाले, "झालं तुझ्यानं!"

शाल द्यायची होती वनमालाबाईंना. वनमालाबाई मूळच्या अचलपूरच्या, ख्रिस्ती, लग्न न केलेल्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून रायपूरला आल्या आणि प्रमोदिनीबाईंच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहिल्या, त्या पंचवीसेक वर्षं राहिल्या. दोन्ही अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती. त्या भिंतीवरून सकाळ-संध्याकाळ वाट्या जायच्या. कधी वरण, कधी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांची भाजी, कधी नुसतं विरजण. घरात मुलं असूनही वाटी मुलांच्या हाती कधी गेली नाही. या इकडून उठायच्या, त्या तिकडून, कारण वाटी हे निमित्त होतं आणि खरं काम बोलण्याचं होतं.

मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली आणि गावाला एकदम भाव आला. ज्या घराला कोणी विचारत नव्हतं त्याला सरकारी कचेऱ्या विचारू लागल्या. वनमालाबाईंच्या घरमालकानं हात जोडून, गोड बोलून घर रिकामं करून घेतलं. त्या पुरानी बस्तीतल्या एका गल्लीत, एका खोलीत राहायला गेल्या. तसं अंतर फार नव्हतं. पण प्रमोदिनीबाईंचे गुडघे दुखत होते, मग पाऊस लागला, मग पितरपाठ आला, मग दिवाळीची साफसफाई. जाऊ जाऊ म्हणता जाणं झालं नाही.

दिवाळीच्या तोंडावर कानावर आलं की वनमालाबाईंना खोकला आहे आणि अंगावर तोच जुना, कोपरावर विरलेला स्वेटर आहे. प्रमोदिनीबाईंचा जीव कळवळला. त्यांनी चांगली शाल घेतली, फराळाचा डबा भरला आणि सून गंधालीला स्कूटीवरून पाठवलं. गंधाली तासाभरात परत आली. फराळ ठेवून घेतला होता. शाल परत आली होती.

"बोल रही थीं, ज्याले लागते त्याले दे म्हणा," गंधालीनं निरोप जसाच्या तसा सांगितला. तिला मराठी सगळं कळे, पण तोंडात हिंदीच येई.

ते प्रमोदिनीबाईंना फार लागलं. परकी माणसंसुद्धा दिवाळीचं परत करत नाहीत. आठ दिवस त्या चिडून होत्या, मग चिडणं ओसरलं आणि भीती उरली. वनमाला तुटली की काय? या वयात नवी मैत्रीण कुठून आणायची? नरहररावांशी तर पंचांग आणि पित्त या दोन विषयांपलीकडे बोलणं होत नसे.

त्यातून त्यांना व्हाइट गिफ्ट आठवलं. वनमालाबाईंच्या चर्चमध्ये बड्या दिनाच्या, म्हणजे नाताळाच्या, आधीच्या रविवारी ही रीत असे. सगळे जण काहीबाही वस्तू पांढऱ्या कागदात बांधून आणत आणि वेदीपाशी ठेवत. डॉक्टरचं पार्सल आणि शिपायाचं पार्सल सारखंच दिसे. नाव कोणाचं नाही. ती पार्सलं मग कुष्ठरोग्यांच्या आश्रमात जात, रेल्वेलाइनपलीकडच्या वस्तीत जात, आणि हिरवा दोरा बांधलेली चर्चच्या मंडळीतल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी कॅरोल पार्टीबरोबर जात. कॅरोलवाले ढोलक वाजवत यायचे, दोन गाणी म्हणायचे, प्रार्थना करायचे आणि जाताना पार्सल खुर्चीवर ठेवून जायचे. प्रमोदिनीबाई कपाळावर ठसठशीत कुंकू लावून दर वर्षी त्या रविवारी वनमालाबाईंबरोबर जात आणि आपलंही एक पार्सल ठेवत. रीत वनमालाबाईंनीच समजावून सांगितली होती.

"देणाऱ्याचं नाव नाही अन् घेणाऱ्याले विचारणं नाही. पांढरा कागद त्याच्यासाठीच असते व."

मग हेच बरं, असं प्रमोदिनीबाईंनी ठरवलं. माझ्या हातची नको ना तिला, मग चर्चच्या हातची घेईल. परत आलेली शाल गंधालीनं तिथे बाहेर काढून दाखवली होती, म्हणून त्यांनी सदर बाजारात जाऊन दुसरी घेतली. राखी रंगाची, नाजूक काठाची, खरी उबदार. चर्चच्या महिला समितीच्या प्रमुख वायलेट मसीह यांना विश्वासात घेतलं. वायलेट दीदी म्हणाल्या, "आप बस रख दीजिए. मैं हरा धागा बाँध दूँगी, वनमाला सिस्टर के यहाँ ही जाएगा. और मैं किसी को नहीं बताऊँगी." शेवटच्या वाक्यावर त्यांनी जरा जास्तच भर दिला. प्रमोदिनीबाईंचा लौकिक चर्चपर्यंतही पोचला होता.

रविवारी सकाळी देवपूजा झाल्यावर त्यांनी देवघरासमोरच बसून शालीची नीट घडी केली, पांढऱ्या कागदात बांधली आणि चर्च गाठलं. वनमालाबाई दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या, त्याच स्वेटरमध्ये. मान हलवून हसल्या. ते हसू ओळखीच्या माणसाला देतात तेवढंच होतं. उपासना संपल्यावर जवळ आल्या, "बरी हायेस नं?" एवढं विचारलं आणि पार्सलांना दोरे बांधायच्या कामाला लागल्या. प्रमोदिनीबाईंनी पार्सल ठेवलं आणि प्रथमच कोणाशी फार न बोलता घरी आल्या. काम फत्ते झालं होतं. जेवताना त्यांनी नरहररावांना विजयी मुद्रेनं वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंधालीनं स्वतःसाठी नवा ड्रेस आणला. प्रमोदिनीबाईंनी तो सवयीनं उचलला आणि देवघराकडे नेला. नवं वस्त्र अंगाला लागायच्या आधी त्याच्या कोपऱ्याला हळदी-कुंकवाचं बोट लावायचं, ही त्यांच्या माहेरची, सासरची, सगळ्यांचीच पद्धत. त्यांनी करंडा उघडला. कुंकू होतं, हळदही होती.

"हळद कधी भरली गं?"

"आज सुबह. कल से खाली था ना, आपने ही तो बोला था."

प्रमोदिनीबाई जागच्या जागी थांबल्या. काल हळद संपली होती, हे त्यांना कसं ठाऊक होतं? काल करंडा उघडल्याशिवाय कसं कळलं? आणि काल करंडा कशाला उघडला होता? काल देवघरासमोर बसून शालीची घडी करताना त्यांचं बोट त्यांना न विचारता कुंकवात गेलं होतं आणि तिथून शालीच्या कोपऱ्यावर. हळदीची बाजू रिकामी दिसली, म्हणून 'गंधालीला सांगायला हवं' असं मनात आलं होतं आणि तेवढंच लक्षात राहिलं होतं.

त्यांनी कपाळाला हात लावला. हे बोट दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण वनमालाला कळणारच होतं. वर्षानुवर्षं दोघींनी सदर बाजारातून साड्या बरोबर आणल्या होत्या. प्रमोदिनीबाई आपल्या साडीला बोट लावता लावता वनमालाबाईंच्या साडीलाही लावून मोकळ्या व्हायच्या. "माह्या साडीले काहून लावते व? मी का तुह्या देवळात चालली?" असं म्हणून वनमालाबाई ती साडी घेऊन जायच्या आणि डागासकट नेसायच्या. ख्रिस्ती बाईच्या पार्सलात कुंकवाचं बोट! नाव लिहून दिलं असतं तरी इतकं स्पष्ट झालं नसतं. आता हीसुद्धा शाल परत येणार, आणि या वेळी वनमालाला वाटणार की हिनं आपल्याला फसवून दान दिलं.

सायकलरिक्षा करून त्या चर्चच्या हॉलमध्ये पोचल्या. एका बाजूला बायका शंकरपाळ्यांसारखी गोड खुरमी तळत होत्या, दुसऱ्या बाजूला मुली कामट्यांच्या चांदण्यांना पतंगाचा कागद चिकटवत होत्या. कोपऱ्यात पांढऱ्या पार्सलांचा ढीग होता. प्रमोदिनीबाई सरळ त्यात घुसल्या. हिरवा दोरा दिसला की पार्सल उचलायच्या, दाबून बघायच्या, ठेवायच्या. कुठे साबण लागे, कुठे मोजे, एकात तर पातेलं होतं. तळणाऱ्या बायका झारा हातात धरून बघत राहिल्या. शेवटी वायलेट दीदी धावत आल्या.

"दीदी, ये क्या कर रही हैं? चढ़ाया हुआ गिफ्ट वापस नहीं होता."

"वापस नहीं चाहिए, सिर्फ खोल के देखना है. वनमालावाला."

"वो तो गया. आज कॅरोल पार्टी पुरानी बस्ती ही गई है, जल्दी निकल गए सब."

बाहेर अजून उन्हं होती. प्रमोदिनीबाई तिथल्या बाकावर बसून राहिल्या. कोणीतरी त्यांच्या हातात गरम खुरमी दिली आणि त्यांनी ती खाल्ली, कारण समोर आलेलं न खाणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

पुढचे दिवस त्यांनी फाटकाकडे कान लावून काढले. कुठल्याही रिक्षाची घंटी वाजली की वाटे, आली शाल परत. पण शाल आली नाही. निरोपही आला नाही.

"आई, नहीं आया मतलब रख लिया ना उन्होंने," गंधाली म्हणाली.

"तुले नाही कळत ते. तिनं आश्रमात देऊन टाकली असन."

बड्या दिनाला सकाळच्या उपासनेनंतर वनमालाबाईंच्या हातचा पहिला केक खायचा, हा प्रमोदिनीबाईंचा ठरलेला मान होता. पूर्वी भिंतीवरून हाक यायची. या वर्षी हाक येण्यासारखी भिंतच नव्हती. जावं की न जावं यात दुपार झाली. गंधाली म्हणाली, मी जाऊन भेटून येते, तुमचे गुडघे दुखतील. प्रमोदिनीबाई एकदम उठल्याच. "नको. मीच जाते. काय बोलायचं ते माह्या तोंडावर बोलू दे तिले."

गल्लीत रिक्षा शिरेना, म्हणून शेवटचा रस्ता चालावा लागला. दारावर कागदी चांदणी लटकत होती. आत शेजारच्या दोघी-तिघी केक खात बसल्या होत्या. वनमालाबाईंच्या अंगावर बड्या दिनाची नवी साडी होती आणि वर तोच विरलेला स्वेटर. प्रमोदिनीबाईंनी तो पाहिला आणि समजायचं ते समजल्या.

"ये," वनमालाबाई म्हणाल्या आणि बशी पुढे केली. केक नेहमीसारखाच खरपूस होता.

बाकीच्या गेल्या. वनमालाबाईंनी दार लोटलं, लोखंडी पेटी उघडली आणि पांढऱ्या कागदात तशीच घडी घातलेली शाल काढून पलंगावर ठेवली. वरच कोपरा होता. त्यावर कुंकवाचं लालभडक बोट.

"हे काय व?"

"कोणी दिली असन," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "नाव विचारायचं नसते, तूच तं सांगतलं होतं."

"विचारून नाही राहिली. दिसून राहिलं."

"हात गेला व माहा. मुद्दाम नाही लावलं."

"अन् चोरून काहून दिली?"

"मंग काय करू?" प्रमोदिनीबाईंचा आवाज चढला. "दिवाळीत दिली तं तू परत पाठवली. माह्या हातची तुले नको झाली."

"तुह्या हातची?" वनमालाबाई पलंगावर बसल्या. "तू कुठं दिली? तुह्या सुनेनं आणून दिली, गाडीबी बंद नाही केली तिनं. घर सुटलं माहं, भिंत सुटली. रोज वाटे, आज येईन, उद्या येईन. तू एक डाव आली नाहीस. आली तं शाल आली. मले थंडी वाजून राहिली होती, खोटं नाही सांगत. पण मले वाटलं, आता आपणबी हिच्या दानधर्मातले झालो."

प्रमोदिनीबाईंजवळ सांगायला गुडघे होते, पाऊस होता, पितरपाठ होता. डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा यायला लागलं.

"गुडघे दुखतात माहे," शेवटी त्या म्हणाल्या.

"माहे का दुखत नाहीत?" वनमालाबाईंनी पदरानं स्वतःचे डोळे टिपले. "पांढरा कागद अनोळखी माणसासाठी हाय व. जन्मभर मीच बांधले ते. तुह्याकडचं मले कागदातून पायजे नाही."

मग त्या उठल्या, चुलीजवळच्या फळीवरून मसाल्याचा डबा काढला आणि उघडून प्रमोदिनीबाईंसमोर धरला.

"घे. हळद राहिली हाय. इतकी वर्षं दोन्ही लावत होती, अन् यंदा अर्धवट पाठवते. म्हणून नाही घातली म्या."

प्रमोदिनीबाईंनी नाक पुसलं. "तुमच्यात चालते का पण?"

"पंचवीस वर्षांनी विचारून राहिली!"

प्रमोदिनीबाईंनी बोट हळदीत बुडवलं, कुंकवाशेजारी नीट टेकवलं आणि शाल उलगडून वनमालाबाईंच्या खांद्यांवर स्वतःच्या हातांनी घातली. विरलेली कोपरं झाकली गेली. वनमालाबाईंनी शाल छातीशी ओढून घेतली आणि चहा ठेवायला वळल्या. मग दोघी दिवस कलेपर्यंत बोलत बसल्या, कारण बरंच तुंबलं होतं.

निघताना वनमालाबाईंनी एका स्टीलच्या वाटीत खुरमी भरली आणि वरून ताटली झाकली. ती वाटी मुळात प्रमोदिनीबाईंचीच होती, घर हलवताना इकडे आलेली.

"घरी ने. अन् वाटी परत पायजे मले," त्या म्हणाल्या. "सुनेच्या हाती नाही. तू आण."