टेलरबाईंची चौथी साक्ष

शनिवारी सकाळी चर्चचे पाळक रविवारचं प्रवचन लिहायला बसले की घरात मिक्सरसुद्धा लावायचा नाही, असा नियम होता. त्या शनिवारीही ते खिडकीपाशी वही उघडून बसले होते. विषय सहनशीलता. तीन मुद्दे झाले होते, चौथा काही केल्या सुचत नव्हता. तेवढ्यात पाळकीणबाई दारात आल्या.

"अहो, टेलरबाई आल्यात."

पाळकांनी पेन खाली ठेवलं. "परत?"

"परत," बायको म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. आता उठण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

टेलरबाई व्हरांड्यातल्या बाकाच्या अगदी कडेला टेकल्या होत्या. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं शिवणाचं दुकान होतं आणि चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या बायकांचे कपडे त्यांच्या हातचे असत. नवरा चर्चमध्ये गायनमास्तर. त्याचा आवाज असा, की कधी चर्चची पायरी न चढणारी माणसंही रविवारी कुंपणापाशी थबकत. आज टेलरबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत गुंडाळलेली होती.

"दार लागलं," त्या म्हणाल्या. मग शब्द बदलून म्हणाल्या, "लावलं."

पाळकांना राग आला. खरं सांगायचं तर तो आधी त्यांचाच आला. दर चार-सहा महिन्यांनी हेच, आणि नेमकं शनिवारी. मग तसा राग आल्याची लाज वाटली, आणि त्या लाजेनं ते आणखीच वैतागले.

या मंडळीत एक जुनी पद्धत होती. नवरा-बायकोचं बिनसलं की पाळकांनी घरी जायचं, बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. याला समेट म्हणत. पुढच्या रविवारी बायकोनं सगळ्यांसमोर उभं राहून 'मी मनापासून क्षमा केली' अशी साक्ष द्यायची. नवऱ्यानं काय करायचं, ते कुणी ठरवलंच नव्हतं. त्यानं जागेवर बसून मान खाली घातली की भागत असे. टेलरबाईंच्या घरी पाळकांनी असे तीन समेट घडवले होते.

"संध्याकाळी येतो मी घरी. आता प्रार्थना करू," पाळक म्हणाले.

"प्रार्थना नको, साहेब. मला चार दिवस राहायला खोली हवी."

"खोलीनं प्रश्न सुटतो का, बाई? घर मोडायला वेळ लागत नाही."

"मला कात्री धरता येत नाहीये," टेलरबाई म्हणाल्या.

पाळकांनी हात जोडले. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. शब्द चांगले सुचले. डोळे उघडले तेव्हा टेलरबाईंचे डोळे उघडेच होते. त्या आपल्या बोटांकडे बघत होत्या.

संध्याकाळी मास्तर रडला. दर वेळी रडायचा, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. "हात सुटतो माझा. माझं मलाच कळत नाही," तो म्हणाला. पाळकांनी शास्त्रपाठ वाचला, दोघांचे हात जुळवले. पट्टी दुखू नये म्हणून या वेळी बाईंचा डावा हात घेतला. परतताना चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाचे सेक्रेटरी फाटकापाशी वाट बघत उभे होते.

"मिटलं ना? मग उद्याच साक्ष होऊन जाऊ दे, साहेब. पुढच्या महिन्यात चर्चला पन्नास वर्षं होतायत. मास्तरांशिवाय गाणी कोण बसवणार?"

"बघू," पाळक म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ 'बरं' असा होतो, हे सेक्रेटरी चांगलं ओळखून होते.

रविवारी पहिलं गीत झालं आणि टेलरबाईंना पुढे बोलावलं. त्या बाकांच्या मधल्या वाटेनं सावकाश चालत आल्या.

"मी तीनदा इथं उभी राहून क्षमा केली म्हणाले," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला. "तीनही वेळा ते खोटं होतं. मला भीती वाटत होती, म्हणून बोलले. आज बोलणार नाही. आणि मी त्या घरी जाणार नाही."

सेक्रेटरी उठून उभे राहिले. "बाई, देवाच्या घरात असं बोलतात का?"

"मग खोटं बोललेलं चालतं का?" टेलरबाईंनी विचारलं. टोमणा म्हणून नव्हे, खरंच विचारलं.

सगळ्या माना पाळकांकडे वळल्या. सावरून नेणारं एक वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. वीस वर्षं अशी वाक्यं बोलून त्यांची जीभ सरावली होती. समोर सहनशीलतेचे चार मुद्दे पडलेले होते; चौथा रात्री सुचला होता. त्यांना त्या कागदांची एकाएकी शिसारी आली.

"सेक्रेटरी, बसा," ते म्हणाले. "खोटं यांनी बोलायचं, हे मी ठरवलं होतं. तिन्ही वेळा मीच यांना परत पाठवलं. कालही पाठवलं. ही बोटं दारात सापडली, त्यात माझाही हात आहे. आज प्रवचन नाही. मास्तर, तुम्ही आता ऑर्गनवरून उठा. कुणाची क्षमा मागायची ती आधी मागा, आणि ती मिळालीच पाहिजे असं धरून चालू नका."

मास्तर उठला. बाजूच्या दारानं निघून गेला. त्याच्यामागून अर्धा गायकवृंद गेला.

पाळकीणबाईंनी कपडे वाळत घालायची मागची खोली रिकामी केली आणि टेलरबाईंचं मशीन रिक्षात घालून आणवलं. एक बोट बरं झालं. दुसरं वाकडं राहिलं ते राहिलंच. पन्नास वर्षांचा सोहळा गाण्यांविनाच उरकला. पंचमंडळानं पाळकांना पत्र दिलं: तीन महिन्यांत चर्चचं घर सोडावं. पाळकानं एक संसार मोडला, असं लोक बोलू लागले. बोटं कुणी मोडली, ते कुणी बोलत नव्हतं.

पाळक संतापून होते. पंचांवर, लोकांवर आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. एका दुपारी पत्र चौथ्यांदा वाचत बसले असताना बायको म्हणाली, "आणि बाकीच्या घरांचं काय?"

"कुठल्या घरांचं?"

"जिथं जिथं तुम्ही हात हातात दिलेत, त्या."

त्यांनी मनाशी मोजलं. अकरा घरं.

"तीन महिन्यांत मी काय काय करू?" ते उसळून म्हणाले.

"आजची संध्याकाळ तर मोकळी आहे ना," ती म्हणाली आणि त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.

पहिलं घर वायरमनचं. दार त्याच्या बायकोनं उघडलं. पाळकांना बघून ती पदर सावरत म्हणाली, "हे आहेत आत. बोलावते."

"नको. तुमच्याशीच बोलायचंय. सहा वर्षांपूर्वी इथं आलो होतो, तेव्हा तुम्हाला काहीच विचारलं नव्हतं मी."

काय विचारायचं राहिलं, ते तिनं विचारलं नाही. मागे वळून बघितलं. आत टीव्ही चालू होता. मग ती अनवाणीच उंबऱ्याबाहेर आली, आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसली.

"बसा, साहेब," ती म्हणाली. "वेळ लागेल."