गाळायची ओळ

उजव्या हातात हस्तलिखिताचं पान आणि डाव्या मुठीत लेकीच्या फ्रॉकचं टोक धरून ती वाचायला बसली. लेक टेबलाचा पाय धरून उभी होती. सोळा महिन्यांची, गोल गरगरीत, म्हणून घरात सगळे तिला गोटी म्हणत. गोटी खरी, पण पुढे सरकायचं नाव नाही. धरून उभी राही. हात सुटला की मटकन बसे. बहुतेकदा ती बसण्याआधीच आईचा हात पोचलेला असे.

“डॉक्टर काय म्हणाले?” समोरच्या खुर्चीतून सरांनी विचारलं.

“दोष काही नाही म्हणाले. पण सोमवारी पुन्हा बोलावलंय.”

“आणि सासूबाई?”

“त्या म्हणतात, चालेल गं, पाय आहेत ना तिला!”

सरांनी उमेदीची वर्षं चिनी शिकण्यात घालवली होती. आता भिंगाखाली एकेक अक्षर तेवढं दिसे. लिहिणं संपलंच होतं. म्हणून ते जुन्या ग्रंथातलं वाक्य ओबडधोबड मराठीत सांगत आणि त्यांची ही जुनी विद्यार्थिनी ते नीटस करून उतरवून घेई. ग्रंथभर एकच वाद होता, एका चिनी आचार्यांचा आणि दूरदेशाहून आलेल्या बौद्ध भिक्खूचा. भिक्खूचं म्हणणं, पावलापावलाला जागं राहावं. आचार्यांचं म्हणणं, पावलांकडे बघत चालणारा आधी ठेचकाळतो. दोघं एकत्र जेवत आणि हात धुऊन पुन्हा भांडत.

ती कुणाच्या बाजूची, हे सरांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. “आज तुझा भिक्खू जिंकतोय,” ते चिडवत.

“तुमच्या आचार्यांना मूलबाळ नसणार, सर,” ती म्हणे.

आज शेवटचं वाचन होतं. उद्या पानं छपाईला जायची होती.

“‘भिक्खू म्हणाला, क्षणभर नजर काढली की हातातलं भांडं गेलंच. आचार्य म्हणाले, नदीला वाट कुणी दाखवली? पडू दे की एकदा, खाली सतरंजी आहे.’”

ती थांबली.

“पुन्हा वाच,” सर म्हणाले.

तिनं वाचलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

“नदीत सतरंजी?”

“सर, हे तुम्ही मला म्हणाला होतात. त्या दिवशी गोटी टेबलापासून सुटली, तेव्हा. मी तिला धरायला वाकले आणि… हात लिहीतच राहिला.”

“आणि माझं बोलणं आचार्यांच्या तोंडी घातलंस!” सर खुर्ची करकरेपर्यंत हसले. “एवढं आयुष्य घासलं, तेव्हा कुठे आज त्यांच्या पंगतीला बसलो. काढ बाई, काढ. लोक म्हणतील, म्हातारा चळला.”

ओळ गाळायची सरांची रीत ठरलेली होती. गिरगटायचं नाही, पट्टी लावून एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. गाळलेलंही कुणीतरी म्हटलेलं असतं, असं ते सांगत. पट्टी हलू नये म्हणून डावा हात लागे.

तिनं फ्रॉकचं टोक सोडलं. पट्टी ओळीखाली लावून बोटांनी दाबली. ‘पडू दे की एकदा.’ अक्षर सुरेख आलं होतं, कुठे कंप नव्हता. लिहिताना ते आपल्याला पटल्यासारखं दिसत होतं. तिनं ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा.

“अगं, हे कोण आलं?”

तिनं मान वर केली. सरांच्या गुडघ्यावर दोन इवले तळवे टेकले होते. टेबलाचा पाय चार हात मागे राहिला होता; मधे धरायला काही नव्हतं.

“तू आणून उभी केलीस?”

“नाही.”

“मग चालत आली? पाहिलंस तू?”

“नाही, सर.” सोळा महिने डोळ्यांत तेल घालून बसली होती ती. “मी वाचत होते.”

“मला तर दिसणारच नव्हतं,” सर हळूच म्हणाले. गुडघा त्यांनी जराही हलवला नाही.

गोटीनं एक तळवा उचलला. वळून आईकडे तोंड केलं. मग दुसराही उचलला.

आईचा डावा हात पट्टीवरून सुटू लागला. तिनं पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी पट्टी घट्ट दाबून धरली.