पेटीखालची टेकडी

बिट्टी झोपली की त्या घरातली आर्किटेक्ट जागी व्हायची. बिट्टी दीड वर्षांची, झोप सशाची. आर्किटेक्ट म्हणजे तिची आई. लेकीचा डोळा लागला रे लागला की ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसारा मांडायची आणि कात्रीसुद्धा श्वास रोखून चालवायची, कारण पुठ्ठा कापल्याचा आवाज आणि पाळण्यातली चुळबुळ यांचं काहीतरी साटंलोटं होतं. जोराचा पाऊस, प्रेशर कुकर, शेजाऱ्यांचं भांडण, यातल्या कशानं बिट्टी उठत नसे. आईनं पेन्सिल हातात घेतली की मात्र उठायची.

अशा चोरलेल्या वेळात टेबलावर एक टेकडी उभी राहत होती. गावाबाहेर नवी शाळा बांधायची होती, तिच्या जागेची ही प्रतिकृती. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे उताराच्या वळणांप्रमाणे कापायचे आणि खळीनं एकावर एक चिकटवायचे. प्रत्येक पुठ्ठा म्हणजे जमिनीची एक चढण. नकाशा दाखवला की सगळे जाणत्यासारखी मान डोलावतात आणि कळत कोणालाच नाही, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. टेकडी समोर ठेवली की ती आंधळ्यालाही कळते.

जागेच्या ती प्रेमातच पडली होती. मधोमध बसलेल्या हत्तीएवढा कातळ, त्याच्या बगलेतून पावसाळ्यात उतरणारा ओहोळ, एक अवाढव्य झाड आणि पायथ्याशी जमिनीची एक खोलगट वाटी. तिच्या आराखड्यात वर्ग उतारावर पायऱ्यांसारखे चढत जात होते. खालच्या वर्गाचं छप्पर ते वरच्या वर्गाचं अंगण. ओहोळाला हक्काची वाट होती. कातळ वाचनालयाच्या आत राहणार होता, म्हणजे पोरांनी त्याला पाठ टेकून वाचावं. आणि पायथ्याची वाटी जशीच्या तशी सभेसाठी.

शाळा बांधणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना यातलं काहीच पटत नव्हतं. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम एक लाकडी फूटपट्टी असायची, म्हणून अख्खं गाव त्यांना पाठीमागे फूटपट्टीसाहेब म्हणायचं. माणूस सज्जन, शाळेसाठी जीव टाकणारा. पण जगात जे काही वाकडं आहे ते आपल्याला चिडवण्यासाठीच वाकडं आहे अशी त्यांची ठाम समजूत. त्यांना हवं होतं सपाट मैदान, नाकासमोर जाणारा व्हरांडा आणि मैदानाच्या टोकाला उंच स्टेज. स्टेज हवं, कारण साहेबांची उंची बेताची. कुठल्याही समारंभात भाषणाआधी शिपाई गुपचूप टेबलामागे एक स्टूल सरकवायचा आणि सगळे गुपचूप दुसरीकडे बघायचे. तरीही मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडायचंच, ‘कोण बोलतंय? दिसत नाही!’

साहेबांचा मेहुणा कंत्राटदार. त्याचा बुलडोझर जागेच्या फाटकाशी येऊन उभाही राहिला होता. बांधकाम समितीच्या बैठकीत ‘सपाट’ ठरलं, की दुसऱ्या दिवशी टेकडी नाहीशी. कातळ फुटणार, झाड पडणार, आणि ओहोळ पहिल्याच पावसात वाट शोधत पहिलीच्या वर्गात येऊन बसणार.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा पुठ्ठा चिकटला आणि मुहूर्त साधावा तशी बिट्टी रडत उठली. तिला खांद्यावर थोपटता थोपटता आर्किटेक्ट सासूबाईंना म्हणाली, ‘आई, खळ वाळेपर्यंत त्याच्यावर काहीतरी वजन ठेवाल?’

तिच्या मनात होतं एखादं पुस्तक. पण सासूबाईंनी उभ्या आयुष्यात कुठलंच काम अर्धवट केलेलं नव्हतं. त्या भांडी घासायच्या तेव्हा भांड्यांचं वजन घटायचं. सूनबाई टेबलाशी बसून हे कागद का कापते, हे त्यांना नीटसं उमगलेलं नव्हतं, पण एवढ्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच त्या कामात त्यांची मदत मागितली होती. त्यांनी शेजारणीला हाक मारली, दोघींनी मिळून अंथरुणांची लोखंडी पेटी उचलली आणि ओल्या टेकडीवर बरोब्बर मधोमध ठेवली. सकाळी स्वतःच पेटी उतरवून, खालचं सगळं स्वच्छ पंच्यात बांधून, वर छानशी गाठ मारून त्यांनी तिच्या हातात दिलं. तेव्हा तिच्या एका हातात बिट्टी होती आणि तोंडात केसांची पिन. गाठोडं जरा बारीक लागलं, पण बिट्टीच्या मानानं तिला हल्ली सगळंच हलकं लागायचं.

सासूबाई बिट्टीला सांभाळायला बरोबर आल्या आणि संस्थेच्या कार्यालयात दारालगतच्या बाकावर बसल्या. टेबलाभोवती समितीची माणसं. तिनं काड्यापेट्यांचे वर्ग पिशवीतून काढून ओळीनं मांडले, टेकडीबद्दल दोन शब्द बोलली आणि पंचा सोडला.

आत टेकडी नव्हती. पाट होता, आणि त्याला घरच्या अंथरुणांच्या पेटीचा गंज लागला होता. सगळे पुठ्ठे एकमेकांत शिरून असे एकजीव झाले होते की वर चहाची कपबशी ठेवली असती तरी डुगडुगली नसती.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. टेबलावरची तर आधीच सरकली होती. फूटपट्टीसाहेबांनी फूटपट्टी काढून पुठ्ठ्यावर आडवी धरली, उभी धरली, एक डोळा मिटून बघितलं. कुठेही फट नव्हती. त्यांचा चेहरा उजळला.

‘व्वा, बाई,’ ते म्हणाले. ‘शेवटी पटलं ना तुम्हाला? यालाच म्हणतात जागेचा अभ्यास.’

मेहुण्यानं तेवढ्यात बुलडोझरवाल्याला फोन लावलासुद्धा. समितीनं माना डोलावल्या. ती ‘नाही हो, हे’ एवढंच म्हणत राहिली. काय सांगणार? माझी टेकडी सासूबाईंच्या गाद्यांखाली गेली म्हणून?

तेव्हा बाकावरून सासूबाई उठल्या. बिट्टी कडेवर. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना काय ते उमगलं.

‘तिला काही पटलेलं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘टेकडी मी चेपली. पेटी ठेवली वर. तिनं सांगितलं वजन ठेवा, मी आपलं घर ठेवलं. आता खरी टेकडी तरी बघा, तिच्यावर अजून कोणी पेटी ठेवलेली नाही.’

एवढ्या वयाच्या बाईला नाही कसं म्हणायचं? साहेबांनी घड्याळ बघितलं, मेहुण्यानं तोंड वाकडं केलं, आणि वरात निघाली.

वाटेत सासूबाई तिच्या कानाशी लागल्या. एवढी मेहनत कशासाठी करतेस ते मला आधी सांगितलं असतंस तर उशी ठेवली असती, म्हणाल्या. तिला हसू येत होतं आणि रडूही. तिनं बिट्टीला घ्यायला हात पुढे केले, तर सासूबाईंनी ते बाजूला सारले. म्हणाल्या, हात मोकळे ठेव, तुला दाखवायचं आहे.

जागेवर पोहोचेपर्यंत समितीचा घामटा निघाला होता. झाडाची सावली उतारावर पसरली होती, तिथे जो तो टेकला. कोणी खाली, कोणी त्याच्या वर, कोणी त्याच्याही वर. बसा म्हणायची वेळच आली नाही, उतारानंच बसवलं. सासूबाई कातळाला पाठ टेकून बसल्या आणि पुटपुटल्या की या दगडापुढे आपल्या घरातली खुर्ची झक मारते.

फूटपट्टीसाहेब मात्र बसले नाहीत. त्यांना हे प्रकरण एकदाचं मिटवायचं होतं. ते खाली वाटीत जाऊन उभे राहिले आणि सपाटपणाच्या बाजूनं बोलू लागले. सरळ इमारतीत सरळ माणसं घडतात, म्हणाले. उतारावर पोरं घसरतील, म्हणाले. बोलता बोलता ते जरा चाचरले. काहीतरी वेगळं वाटत होतं. मागून कोणी ओरडत नव्हतं. माईक नव्हता, तरी आवाज वरपर्यंत जात होता. आणि समोर बघावं तर प्रत्येक चेहरा दिसत होता, अगदी शेवटचासुद्धा, आणि प्रत्येक चेहरा त्यांच्याकडेच बघत होता. साहेबांना रंग चढला. सपाट मैदानावर इतकं सुरेख भाषण त्यांनी जन्मात केलेलं नव्हतं.

भाषण संपलं. आणि सासूबाईंच्या मांडीवरून बिट्टीनं, तिला येणाऱ्या मोजक्या शब्दांतला आवडता शब्द काढला.

‘पुना.’

साहेबांच्या आयुष्यात कोणी त्यांना भाषण पुन्हा करा म्हटलेलं नव्हतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि शेवटचा भाग पुन्हा केला. समितीतली दोन माणसं हसू दाबायला झाडाची पानं मोजू लागली.

आर्किटेक्ट खाली उतरून साहेबांशेजारी गेली. आपण जिंकलो की हरलो, हे तिला अजून कळेना. साहेब उताराकडे एकटक बघत होते.

‘बाई,’ ते हळूच म्हणाले, मेहुण्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, ‘तुमच्या नकाशात इथे स्टूल ठेवायची जागा दाखवलेली नाही.’

ती हसली नाही, त्या दिवशी तिनं केलेलं सगळ्यात अवघड काम हेच. ‘इथे लागणार नाही, साहेब,’ ती म्हणाली.

साहेबांनी फूटपट्टी कोटाच्या खिशात ठेवली. मग वर तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की ही वाटी आहे तशी राहील, आणि वाटी राहायची तर टेकडीही राहायलाच हवी, एवढी साधी गोष्ट कोणाच्या लक्षात कशी आली नाही. मेहुण्यानं परत फोन काढला आणि बाजूला गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं साहेबांनी एक अट घातलीच: वाचनालयाचा व्हरांडा तेवढा सरळ हवा. तिनं तो आनंदानं दिला. तेवढं सरळ टेकडीलाही पचणार होतं.

घरी आल्यावर बिट्टी झोपली तशी तिनं नवा पुठ्ठा काढला. बांधकामाआधी गवंड्यांना दाखवायला टेकडी पुन्हा करायची होती. सासूबाई समोर खुर्ची ओढून बसल्या, पुठ्ठ्याची एक बाजू धरून, श्वास रोखून. पहिला थर चिकटला. दोघींनी पाळण्याकडे बघितलं. हालचाल नाही.

‘आता वजन काय ठेवू गं?’ सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

‘बोट ठेवा,’ ती म्हणाली. ‘एकच. आणि अलगद.’

सासूबाईंनी बोट ठेवलं. अलगद ठेवलं, पण सवय जाते कुठे? टेबल करकरलं, आणि पाळण्यातून आवाज आला, ‘पुना.’