तपकिरी रंग येईपर्यंत

"बास! काढ बाहेर! तपकिरी आला!" म्हातारा ओरडला, आणि सुनेच्या हातातला चिमटा जागच्या जागी थबकला.

तपकिरी? कुठला तपकिरी? शेगडीवरच्या लोखंडी पाटावर ठेवलेलं पातं अजून जेमतेम पिवळसर झालं होतं, वाळल्या गवतासारखं. पण उस्तादांनी 'काढ' म्हटलं की काढायचं, हा तिथला कायदा. तिने मुकाट्याने पातं उचलून बाजूला ठेवलं. पाठोपाठ जोडीचं दुसरं पातंही तसंच उतरलं. म्हातारा एका सुऱ्यासाठी नेहमी दोन पाती घडवायचा आणि त्यातलं सरस निवडायचा.

आता हे रंगाचं प्रकरण आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. लढाईचा सुरा लालबुंद करून तेलात विझवला की कडक होतो खरा, पण काचेसारखा. दणका बसला की खेळ खलास. म्हणून त्याला घासून चकचकीत करायचं आणि परत हळूहळू तापवायचं. तापता तापता पोलाद रंग दाखवतं: आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर काढलं तर ठिसूळ, निळ्यापर्यंत नेलं तर मऊ. तपकिरीवर नेमकं उचलणं हे नजरेचं काम, आणि त्या नजरेसाठी लोक कुठून कुठून म्हाताऱ्याकडे यायचे. मुलगा आगीला कंटाळून ऑफिसात खुर्ची उबवायला गेला, तेव्हा मुठींचं काम सुनेने अंगावर घेतलं. त्यालाही आता वीस वर्षं झाली. चिमटा मात्र कालपर्यंत म्हाताऱ्याच्याच हातात असायचा.

हा सुरा एका जवानाचा होता. डावखुरा माणूस, आणि त्याच डाव्या हाताची करंगळी गेलेली. "सरकारी सुरा हातातून निसटतो हो, वहिनी," असं त्याने शरमेने सांगितलं होतं, जणू बोट त्याने स्वतःच कुठे हरवलं होतं. तिने त्याला ओली माती मुठीत दाबायला लावली आणि त्या ठशावरून तीन बोटांची मूठ कोरली. ती लांबट गोल ठेवली, म्हणजे अंधारातही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळावं. शुक्रवारी तो ड्युटीवर जाणार होता. मूठ लाख झकास बसेल, पण ऐन वेळी पातंच मोडलं तर?

आणि मग तिला सदरा आठवला. वर्षभर म्हातारा धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावरून वाद घालत होता. "पिवळा पडलाय. साबण वाचवतेस की काय?" भिंतीला चुना दिला तर म्हणे, "हा कसला पांढरा?" दोनदा बल्ब बदलून घेतला. तिला वाटायचं, वय झालं, चालायचंच. आज मात्र तिला तिची आई आठवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधी तिलाही सगळं जग असंच पिवळं दिसायचं.

पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? एका गिऱ्हाइकाने "उस्ताद, चष्मा घ्या ना," एवढंच म्हटलं होतं, तर त्याला अर्ध्या चहावरून उठवलं होतं या गृहस्थाने!

जेवून म्हातारा लवंडला. तिने शेगडी फुंकली, एक पातं पुन्हा पाटावर ठेवलं आणि श्वास रोखून बघत बसली. पिवळा गडद झाला, मग तपकिरी आला, अगदी चहाच्या डागासारखा. तिने झटकन उचललं.

"काय चाललंय?"

म्हातारा दारात उभा. त्याने पातं हिसकावून डोळ्यांजवळ नेलं. "जांभळं केलंस! सत्यानाश केलास! मुठी घासता घासता पोलाद कळायला लागलं होय गं तुला?"

"तपकिरी आहे, बाबा."

"मला रंग शिकवतेस?"

"नाही. वाकवून बघा." ती जागची हलली नाही. "दोन्ही बघा. माझं मोडलं तर उद्यापासून शेगडीकडे फिरकणार नाही."

म्हातारा तरातरा बाकावरच्या वाईसकडे, लोखंडी पकडीकडे गेला. आधी त्याने स्वतःचं पातं अडकवलं, मुठीत जाणाऱ्या शेपटीवर पाइप चढवला आणि ओढला. बोटभर वाकलं नाही तोच टचकन तुकडा पडला. मग त्याने तिचं अडकवलं. ते वाकलं, आणखी वाकलं, आणि सोडल्याबरोबर सरळ झालं.

म्हाताऱ्याने तुटकी कड बोटाने चाचपली. तिला त्याची इतकी दया आली की आपलं खरं ठरल्याचंच वाईट वाटलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"वर्ष झालं असेल."

"वर्षात किती सुरे गेले?"

"सात."

तो मटकन स्टुलावर बसला. तिला वाटलं, आता म्हणेल, कोणाला सांगू नकोस. कारण नावच तर होतं त्याच्याकडे, दुसरं काय होतं? पण त्याने हात पुढे केला. "फोन दे."

पहिला नंबर त्याला तोंडपाठ होता. एका वनरक्षकाचा, जुन्या गिऱ्हाइकाचा. "तो सुरा वापरू नकोस," म्हातारा सरळ म्हणाला. "घेऊन ये. कच्चा राहिलाय."

पलीकडून आवाज आला, तो सुनेलाही ऐकू आला. "उस्ताद, तो तर दुसऱ्याच महिन्यात मोडला. तुम्हाला सांगायची लाज वाटली. म्हटलं, तुमचं पातं कसं मोडेल? मीच काहीतरी वेडंवाकडं केलं असणार."

म्हाताऱ्याने घाईने विचारलं, "लागलं का रे कुठे?"

"तळहाताला थोडं. भरलं आता."

"चूक माझी होती, पोरा. तुझी नव्हे. मला दिसत नव्हतं."

फोन ठेवून त्याने सुनेची वही ओढली, जिच्यात मापांशेजारी गिऱ्हाइकांचे नंबर होते, पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मग वही तिच्याकडे सरकवली.

"पुढचा तू लाव," तो म्हणाला. "बोलतो मीच."