बुडालेल्या गावावरून

शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या निशाला हौसेनं विमान चालवायचं लायसन्स मिळालं, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "आधी आम्हाला शिर्डीला ने." निशानं मात्र वडिलांना, कडुबांना, विचारलं, "बाबा, कुठं जायचं?"

"दुष्काळानं धरण लई आटलंय म्हणत्यात. आपलं बुडालेलं गाव वरून दिसंल का?"

हवा स्वच्छ होती, वारा बेताचा. निशानं चिकलठाण्याहून उड्डाण केलं आणि विमान थेट जायकवाडीवर आणलं. खाली भेगाळलेल्या गाळात पडक्या भिंती उघड्या पडल्या होत्या.

"ती आपली वस्ती!" काचेला नाक लावून कडुबा ओरडले. "अन् त्यो पाटलाचा वाडा. तिथली पायरी आम्हाला चढू देत नव्हते."

"आज त्याच्या डोक्यावरून चाललोय की!"

कडुबा खळखळून हसले. "मग अजून एक फेरी मार, पोरी."

निशानं विमान ऐटीत वळवलं.