संघमित्रा नावाची जीप

ते १९८१ साल होतं. साल पक्कं लक्षात आहे, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं, "पोरगी बारा वर्षांची व्हायच्या आत पायाचं ऑपरेशन करा. पुढे हाड दाद देणार नाही."

पोरगी म्हणजे माझ्या बहिणीची, मालनची, संघमित्रा. त्या साली ती अकराची होती. घोटीच्या बाजारातून परतताना एका कारखान्याच्या ट्रकनं त्यांच्या टेम्पोला उडवलं. मालन आणि निवृत्ती दाजी जागच्या जागी गेले. संघमित्रा वाचली, पण तिचा उजवा पाय वाकडा जुळला. विमा कंपनीनं तडजोड केली आणि कोर्टानं ते पैसे पोरीच्या नावावर बँकेत ठेवले. पालक नेमला तिचा सख्खा काका सहादू. मी नाशिकरोडला पालिकेच्या शाळेत शिकवत होते. लग्न न केलेल्या बाईकडे पोर द्यायची नाही, असं भावकीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

सहादूनं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून कोर्टाची परवानगी मिळवली आणि पैसे काढले. मला म्हणाला, "दिवाळी झाली की ऑपरेशन, बाई." दिवाळी झाली. भीमजयंती झाली. पोर तशीच पाय ओढत चालत होती.

एका रविवारी मी तिला भेटायला निघाले होते. पेठ नाक्यावर उतरले, तर समोर सुरगाण्याची जीप भरत होती. कपाळावर पिवळ्या अक्षरांत नाव होतं, 'संघमित्रा'. स्टिअरिंगवर सहादू.

"भाऊ, गाडी कोणाची?"

"आपलीच म्हणा की. पोरीचं नाव टाकलंय, बघा. ज्याच्या पैशाची वस्तू, त्याचं नाव नाय घातलं तर लाभत नाय. पेंटर बी तेच म्हणला."

"आणि तिचा पाय?"

"पाय कुठं पळून चाललाय, बाई?"

जीपमध्ये कोंबलेली माणसं खो खो हसली. ते हसणं आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

संघमित्रा त्याच रस्त्यानं शाळेत जायची. तिच्या नावाची गाडी तिच्या अंगावर धूळ उडवून पुढे जायची.

"काका बसवून घेत नाहीत का गं?"

"नाही मावशी. मी बसले की एक शीट जातं ना."

हे तिनं अगदी शहाण्यासारखं सांगितलं. काकाची अडचण तिला पटली होती. मी तिथूनच दिवाकर वकिलांचं घर गाठलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती.

पालक बदलण्याचा अर्ज दाखल झाल्याचं कळल्यावर सहादूची बायको धोंडाबाई माझ्या शाळेच्या फाटकात येऊन ओरडली, "सोताचा संसार नाय केला, आता आमचा मोडायला निघालीस व्हय?" शिपाई ऐकत होता, पोरं ऐकत होती. मी म्हटलं, "वहिनी, पाय सरळ करून आणा. मी अर्ज मागे घेते." ती थुंकून निघून गेली.

तारखेला सहादू सगळी भावकी भरून आला, त्याच जीपमधून. गाडी कोर्टाच्या आवारात झाडाखाली लावली. साक्षीला उभा राहून म्हणाला, पैसे पोरीच्या औषधपाण्यात, मालिशीत गेले. आणि जीप?

"जीप माझ्या साडूची. गोटीरामची."

गोटीरामनं मागच्या बाकावरून मान हलवली.

दिवाकर वकिलांनी विचारलं, "गोटीरामला मुली किती?"

"एकच. बयाबाई."

"मग त्याच्या गाडीवर संघमित्रा कोण?"

जज्जसाहेब उठून खिडकीपाशी गेले. उन्हात ती पिवळी अक्षरं चकाकत होती.

"सांगा, सहादू. ते नाव तुमच्या पुतणीचं नाही, असं लिहून घेऊ?"

सहादूची नजर खिडकीबाहेर जीपवर गेली. शपथेवर खोटं बोलायला तो बिचकला नव्हता. पण गाडीवर घातलेलं नाव स्वतःच्या तोंडानं नाकारायचं, तर गाडी लाभणार नाही, अशी त्याला भीती. कोर्टाची नव्हती ती भीती! शेवटी तो उसळून म्हणाला, "तिचंच नाव हाय, साहेब! म्या काय खाऊन नाय टाकलं. गाडी पोरीचीच हाय!"

"पोरीचीच ना?" वकील शांतपणे म्हणाले. "मग किल्ली ठेवा टेबलावर."

सहादूनं गोटीरामकडे पाहिलं. गोटीराम छताकडे पाहत होता.

सहादूचं पालकपण गेलं, ते माझ्याकडे आलं. जीप जप्त झाली. भावकी मला शिव्या देत चालत एसटी स्टँडवर गेली. पण जीपचा लिलाव व्हायला पावसाळा लोटला, आणि तोवर पोरीनं बारा वर्षं ओलांडली. डॉक्टर म्हणाले, "करू. पण पहिल्यासारखा होणार नाही." पाय सरळ झाला, आखूड राहिला.

जीप कळवणच्या माणसानं घेतली आणि नाव खरवडून आपल्या मुलाचं घातलं. दिवाकर वकिलांनी माझ्याकडून फी घेतली नाही. पुढे ते मुलाकडे पुण्याला गेले. धोंडाबाई माझ्याशी पुन्हा बोलली नाही. संघमित्रा माझ्याजवळ वाढली, तहसील कचेरीत कारकून झाली. अजून एका चपलेला जाड टाच लावून घेते.

सहादू दुसऱ्याची जीप चालवत राहिला. तो गेला तेव्हा पुण्यानुमोदनाला आम्ही दोघी गेलो. जेवताना गोटीराम म्हणाला, "काय पण म्हणा, माणूस दिलाचा होता. पुतणीचं नाव घातलं होतं गाडीवर."

मी भरल्या ताटावरून उठले. संघमित्राही उठली. तिला उठताना भिंतीचा आधार लागतो.