अकराव्या महिन्याचं दूध

“तुमचं म्हणणं समदं खरं हाय, पर तुमी गावच्या न्हाय,” सरपंच जोतीराम आबा म्हणाले.

ग्रामसभा मारुतीच्या मंडपात भरली होती. रोहिणी उभीच राहिली. खरं तर आज तिची आई बोलणार होती. प्रयागबाईंनी उन्हाळाभर चाळीतल्या बायका गोळा केल्या, सरपंचांच्या घरी खेटे घातले, आणि सभेआधीच त्या वारल्या.

“गावची न्हाय, आबा. पण लोणी देवकरच्या कारखान्यांत जाणारी अर्धी पोरं आईच्या हातचा डबा खायची. तुमचा पुतण्याबी.”

“भाकरी झकास असायची,” पुतण्या मागून म्हणाला. दोघे-चौघे हसले.

चाळ गावातल्याच दादासोंची. ऊस मोडून त्यांनी रस्त्यालगत खोल्या बांधल्या होत्या. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की भाडेकरूंनी भांड्याकुंड्यांसकट बाहेर निघायचं, दादासोंनी दिवसभर कुलूप लावायचं आणि संध्याकाळी वाढीव भाड्याने तीच खोली परत द्यायची. सलग राहिलो म्हणून कुणी ताबा सांगायला नको.

दर वेळी आत शिरल्यावर प्रयागबाई आधी दूध उतू घालत, नव्या घरात घालतात तसं.

“आई, खोली तीच आहे.”

“कुलूप काढून शिरलो न्हवं? मग नवीनच.”

मागच्या खेपेला अंगात ताप होता, तरी त्या दिवसभर रस्त्याकडेला खाटेवर पडून होत्या. फुप्फुसं आधीपासूनच खराब होती, असं पुढे डॉक्टर म्हणाले. रोहिणीने ते मान्य केलं होतं. सभेत तिने खाटेचा विषय काढला नाही. भाडं मनाला येईल तसं वाढवू नये, खोली रिकामी करून घ्यायची तर दोन महिने आधी लेखी सांगावं आणि सामान रस्त्यावर काढायला लावू नये, एवढंच ती म्हणाली.

“भाडं ठरवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही,” ग्रामसेवकांनी मान वर न करता सांगितलं.

दादासो उठले. “उद्या ह्यांनी ताबा सांगितला, तर कोण येणार हाय सोडवायला? माझ्या चुलत्याचा इंदापुरातला गाळा असाच गेला.”

ते खोटं नव्हतं. मंडपात काही माना डोलल्या. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली जयवंता जागेवरूनच बोलली, “दादासो, आमी दर अकरा म्हैन्यानं घरभरणी करतो. तुमास्नी जेवाया बोलवायचं तेवढं ऱ्हाऊन जातंय बगा.”

हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. दादासोंनी टोपी काढून झटकली, परत घातली.

“दादासो,” आबा म्हणाले, “खोल्या तुझ्याच. कागद दर साली नवा कर. पर बायकांची अंथरुणं रस्त्याव नगं. येणारी-जाणारी गाडी बघती, नाव गावाचं निघतं.”

“कागद होणार असंल, तर माझं काय न्हाय,” दादासो पुटपुटले.

ठरावातून भाड्याचा मुद्दा गळाला. दोन महिन्यांचा एक झाला. सामानाचं तेवढं राहिलं.

करार संपला त्या सकाळी दादासो सह्या घ्यायला आले. वाढीव भाडं सांगितलं. कुलूप त्यांनी आणलं नव्हतं. दारात जरा घुटमळून “म्हातारी असायला पायजे हुती,” असं म्हणाले आणि पुढच्या खोलीकडे गेले.

रोहिणीने सवयीने जास्तीचं दूध आणलं होतं. आईच्या पितळी पातेल्यात तिने ते तापत ठेवलं. साय थरथरली, फुगली, दूध काठाशी आलं. तिने गॅस बंद केला.

“घातलंस का गं उतू?” जयवंताने दारातून विचारलं.

“न्हाय,” रोहिणी म्हणाली. “बाहेर कुठं गेलतो आपण?”

पातेल्यावर झाकण ठेवून तिने कामावर जायला चपला घातल्या. खाट भिंतीशी होती, जिथल्या तिथे. तिच्यावर अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं.